पहिल्या तासाची माणसं

आज बोलायचं आहे ते एका कामाबद्दल. अ‍ॅम्ब्युलन्समधून जखमी किंवा आजारी माणसाला आणताना त्याच्या शेजारी बसून त्याचा श्वास, त्याचं रक्त, त्याचा जीव सांभाळणारं जे माणूस असतं, त्याला ईएमटी म्हणतात, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. हे काम कुठून आलं, कोणी शिकवलं, कोण शिकलं आणि आपल्या उरणच्या लेकीसुनांना त्याचा काय उपयोग, ते आज पाहू.

सुरुवात आपल्याच समुद्रापासून करते. १८ डिसेंबर २०२४ ची दुपार आठवा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. बोटीत शंभराहून अधिक माणसं होती. पंधरा जण गेले. त्यांत लहान मूलही होतं. पण बाकीची माणसं वाचली ती कशी? सगळ्यात आधी पोचल्या त्या आसपासच्या बोटी. बंदराची पायलट बोट होती, गस्तीची बोट होती, इतर लाँचवाले होते. त्यांनी माणसं वर ओढली. एका लहान मुलीचा श्वास चालत नव्हता, तिच्या छातीवर दाब देऊन तो परत आणला, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. मग अनेकांना आपल्या इथल्या बंदराच्या रुग्णालयात आणलं. म्हणजे डॉक्टरची वेळ आली ती नंतर. पहिल्या काही मिनिटांत जे झालं ते बोटीवरच्या माणसांनी केलं.

आपल्या तालुक्यात हे असंच चालत आलेलं आहे. पूर्वी उरणला मोठं दुखणं आलं की माणसाला मोऱ्याला न्यायचं, लाँचमध्ये घालायचं आणि भाऊच्या धक्क्याला उतरवायचं. ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागत नसे. पावसाळ्यात वारा सुटला की लाँच बंद. डोंगराच्या कुशीतल्या आदिवासी वाड्यांवरून आजारी माणूस खाली येई तो झोळीत किंवा डोलीत, चार जणांच्या खांद्यावर. आणि घारापुरी तर आपल्याच तालुक्यातलं बेट. तिथली बाळंतीण आजही आधी बोटीत बसते आणि मग गाडीत.

नंतर बंदर आलं. त्याच्यासाठी आणि नव्या मुंबईसाठी आपल्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई-पागोटे परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. २६ मे १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. जिथे भात पिकत होतं, मिठागरं होती, तिथे कंटेनरचे डोंगर उभे राहिले. रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा लागल्या. तेल आणि वायूचे प्रकल्प आले. ३ सप्टेंबर २०१९ ला सकाळी उरणच्या तेल-वायू प्रकल्पात आग लागली, तेव्हा चार जणांचा बळी गेला, त्यांत आग विझवायला धावलेले जवान होते. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतूही सुरू झाला आणि उरणपर्यंत लोकलही आली. मुंबई जवळ आली. पण ट्रेलरखाली आलेल्या मोटारसायकलवाल्या पोरासाठी मुंबई अजून लांबच आहे. त्याला पूल नको असतो. त्याला पहिल्या दहा मिनिटांत रक्त थांबवणारा हात हवा असतो.

डॉक्टर लोक अपघातानंतरच्या पहिल्या तासाला गोल्डन अवर म्हणतात, सोन्याचा तास. अमेरिकेत बाल्टिमोरच्या काउली नावाच्या शल्यचिकित्सकाने हा शब्द रूढ केला. आता तो आपल्या मोटार वाहन कायद्यातही आला आहे. प्रश्न एवढाच की त्या सोन्याच्या तासाची राखण कोण करणार?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. जखमी माणसाला गाडीत घालून पळवायचं ही कल्पना निघाली लढाईत. १७९२ च्या सुमाराला फ्रेंच फौजेतल्या लारे नावाच्या सर्जनने हलक्या घोडागाड्या बनवल्या. त्याआधी लढाई संपेपर्यंत जखमी शिपाई रणांगणावर तसेच पडून असत. लारेने लढाई चालू असतानाच त्यांना उचलायला सुरुवात केली.

त्यानंतरची गोष्ट बायकांची आहे. २४ जून १८५९ ला इटलीत सोल्फेरिनो या गावाजवळ मोठी लढाई झाली. हजारो जखमी जवळच्या कास्तिग्लिओने गावात आले. डॉक्टर मूठभर होते. तेव्हा गावातल्या बायका पुढे आल्या. त्यांनी देवळाच्या फरशीवर गवत अंथरलं, पाणी आणलं, जखमा धुतल्या, घरातली कापडं फाडून पट्ट्या केल्या. आपला शिपाई की शत्रूचा, असं त्यांनी विचारलं नाही. हेन्री ड्युनाँ नावाचा एक स्विस व्यापारी कामासाठी तिथे आला होता. तो त्यांच्याबरोबर राबला आणि १८६२ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातूनच पुढच्या वर्षी रेडक्रॉस उभी राहिली. १९०१ मध्ये शांततेचं पहिलं नोबेल मिळालं त्यात ड्युनाँचा वाटा होता. त्या बायकांची नावं मात्र जगाला पाठ नाहीत. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिच्यापाशी परत यायचं आहे.

पुढे १८७७ मध्ये इंग्लंडात सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही संस्था निघाली. खाणी, गिरण्या, रेल्वे वाढत होत्या, अपघात वाढत होते. या संस्थेने ठरवलं की प्रथमोपचार साध्या माणसाला शिकवायचे. खाणकामगाराने खाणकामगाराला वाचवायचं. शिकलेल्याची परीक्षा घ्यायची आणि त्याला प्रमाणपत्र द्यायचं. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र ही आपल्या ओळखीची गोष्ट तिथून पसरली.

आपल्या माणसांनीही हे काम केलं आहे. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध लागलं तेव्हा गांधीजींनी सुमारे ११०० हिंदी लोकांचं अ‍ॅम्ब्युलन्स पथक उभं केलं. त्यांत बरेचसे मुदतबंद मजूर होते, म्हणजे करारावर नेलेले गरीब लोक. डॉ. बूथ यांनी त्यांना शुश्रूषेचं शिक्षण दिलं. ही माणसं जखमींना डोलीत घालून दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत. आपल्या वाड्यांवरचे खांदे जे करतात तेच काम, फक्त शिकून केलेलं.

तोवर एक मोठी अडचण होती. श्वास थांबला तर काय करायचं, ते नीट कोणाला ठाऊक नव्हतं. बुडालेल्याला पालथं घालून पाठ दाबत, हात वर-खाली करत. आपल्याकडे बुडालेल्याला उलटं धरून गरगर फिरवायचे, ते तुम्ही ऐकलं असेल. १९५७-५८ च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये पीटर साफर या डॉक्टरने दाखवून दिलं की डोकं मागे झुकवून, हनुवटी वर उचलून, तोंडाने तोंडात फुंकलेली हवा माणसाला जगवू शकते. १९६० मध्ये तिथल्याच तिघांनी दाखवलं की छाती बाहेरून दाबली तर थांबलेल्या हृदयाचं काम काही वेळ हातांनी चालवता येतं. या दोन गोष्टी जोडून सीपीआर झालं. त्याच वर्षी नॉर्वेतल्या लेरडाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने शिकाऊ लोकांसाठी माणसाएवढी बाहुली बनवली. आज जगभरात ईएमटी शिकणारं प्रत्येक जण अशाच बाहुलीच्या छातीवर पहिला दाब देतं.

आता या पीटर साफरची पुढची गोष्ट ऐका. माझ्या मते आपल्या उरणसाठी हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

साफर पुढे अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात गेला. पोलादाचे कारखाने असलेलं शहर. त्या काळी अमेरिकेतही अ‍ॅम्ब्युलन्सची दशा वाईट होती. जवळजवळ निम्म्या सेवा अंत्यविधीचं सामान ठेवणाऱ्या दुकानदारांच्या हाती होत्या, कारण आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असे. पिट्सबर्गमध्ये पोलिसांची व्हॅन यायची. माणसाला मागे टाकायचे आणि दोघे पोलीस पुढे बसायचे. १९६६ मध्ये साफरची स्वतःची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. ज्याने जगाला श्वास द्यायला शिकवलं त्याच्या लेकीला वेळेवर मदत मिळाली नाही.

त्याच शहरात हिल डिस्ट्रिक्ट नावाची काळ्या लोकांची वस्ती होती. गरीब, बेकारी भरपूर. पोलीस व्हॅन तिथे उशिरा यायची, कधी यायचीच नाही. १९६७ मध्ये साफर आणि तिथल्या कार्यकर्त्यांनी मिळून एक योजना केली. त्याच वस्तीतली बेकार माणसं घ्यायची. कोणी शाळा सोडलेला, कोणी युद्धावरून परत आलेला. लोक म्हणत, यांना नोकरीला कोण ठेवील? अशांना सुमारे ३०० तासांचं शिक्षण दिलं. शरीराची रचना, श्वास, हृदय, बाळंतपण, गाडी चालवणं, सगळं. ज्यांची शाळा अर्धी राहिली होती त्यांना शाळेची परीक्षाही द्यायला लावली. या सेवेचं नाव फ्रीडम हाउस अ‍ॅम्ब्युलन्स. १९६८ पासून त्यांच्या गाड्या धावू लागल्या आणि काही काळातच पोलिसांच्या व्हॅनपेक्षा ही सेवा कितीतरी सरस ठरली. लोक पोलिसांना फोन करायचे तेव्हा सांगायचे, तुम्ही नका येऊ, फ्रीडम हाउसला पाठवा.

१९७४ मध्ये नॅन्सी कॅरोलाइन ही तरुण डॉक्टर त्यांची वैद्यकीय प्रमुख झाली. ती स्वतः गाडीतून त्यांच्याबरोबर फिरायची, रात्री-अपरात्री. जे काम ते करत होते तेच तिने पुस्तकात उतरवलं. त्यातून अमेरिकेचा पॅरामेडिकचा अभ्यासक्रम तयार झाला. जगभर हे काम ज्या वाटेने शिकवलं जातं, ती वाट या बेकार ठरवलेल्या माणसांनी पाडली, हे विसरता येणार नाही.

आणि मग काय झालं? १९७५ मध्ये शहराच्या पालिकेने स्वतःची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद केलं. माणसांना नव्या सेवेत घेतलं, पण नव्या परीक्षा आल्या, नव्या अटी आल्या. कमी अनुभवाची गोरी माणसं वरच्या जागी आली. फ्रीडम हाउसची बरीचशी माणसं हळूहळू बाहेर पडली. ज्यांनी काम उभं केलं त्यांच्याच हातून ते गेलं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी एवढी लांबण लावून का सांगितली? आपण प्रकल्पग्रस्त. जमीन आपली आणि काम दुसऱ्याचं, ही चव आपल्याला ठाऊक आहे. हिल डिस्ट्रिक्टची गोष्ट आपल्याला दोन गोष्टी सांगते. एक, जीव वाचवण्याचं काम शिकायला मोठं घर, मोठं शिक्षण लागत नाही. नीट शिकवलं तर साधा माणूस ते करतो, आणि वस्तीतलाच असेल तर जास्त चांगलं करतो, कारण त्याला गल्ली माहीत असते. दुसरं, नुसते हात शिकून भागत नाही. काम पक्कं झालं, पगार आला, पद आलं की कागद विचारला जातो. त्या वेळी कागद नसेल तर शिकलेले हातही बाजूला होतात. कास्तिग्लिओनेच्या बायकांची नावं राहिली नाहीत.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ.

साध्या बाईला जीव वाचवायला शिकवता येतं, याचा मोठा दाखला आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. पाचवी-दहावी शिकलेल्या बायका. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, ते त्या शिकल्या. आधी तोंडाने, मग नळी आणि मास्कने, मग पिशवी दाबून हवा देणाऱ्या मास्कने. त्या ३९ गावांतली बाळांची मरणं निम्म्याहून कमी झाली. १९९९ मध्ये जगप्रसिद्ध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. घरी जाऊन नवजात बाळाला तपासायचं काम आज आपल्या आशाताई करतात, त्याची मुळं तिथे आहेत. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसून ईएमटी जी पिशवी दाबते, तीच पिशवी गडचिरोलीच्या बाईने झोपडीत दाबली होती.

अ‍ॅम्ब्युलन्सची गोष्ट थोडी वेगळ्या वाटेने आली. मुंबईत २००५ च्या सुमाराला काही तरुण मित्रांनी १२९८ या नंबरची सेवा सुरू केली. त्यांत श्वेता मंगल ही तरुणी होती. खाजगी रुग्णालयात जाणाऱ्याने पूर्ण पैसे द्यायचे, सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याने कमी, अशी त्यांची रीत होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या रात्री त्यांच्या गाड्या जखमींना नेण्यासाठी धावल्या. तिकडे हैदराबादमध्ये १५ ऑगस्ट २००५ ला १०८ नंबर सुरू झाला. एक फोन, मोफत गाडी आणि गाडीत शिकलेला ईएमटी. हळूहळू हा नंबर राज्याराज्यांत गेला.

आपल्या महाराष्ट्रात १०८ सुरू झाला २०१४ च्या प्रजासत्ताक दिनापासून. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या. त्यांत २३३ गाड्या जास्त साधनांच्या आणि ७०४ साध्या जीवरक्षक साधनांच्या. इथे एक फरक नीट समजून घ्या, नाहीतर शिकायला निघालेल्या मुलीची फसगत होईल. पुष्कळ राज्यांत १०८ च्या गाडीत ईएमटी असतो. आपल्या राज्याने मात्र गाडीत डॉक्टर ठेवायचं ठरवलं, बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर. त्यामुळे 'कोर्स केला की १०८ मध्ये लागलीच नोकरी' असं कोणी सांगितलं तर दोनदा विचारा. ईएमटीला काम मिळतं ते खाजगी रुग्णालयांच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, रुग्णालयाच्या अपघात विभागात, खाजगी अ‍ॅम्ब्युलन्स सेवांत, मोठ्या बांधकामांवर आणि कारखान्यांत.

कारखान्यांची गोष्ट आपल्यासाठी खास आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरवून दिलं होतं की दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी हवी आणि ती पेटी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात हवी. पाचशेहून जास्त कामगार असतील तर वेगळी अ‍ॅम्ब्युलन्स रूम हवी. म्हणजे जिथे बंदर, गोदामं, तेलाच्या टाक्या आणि कारखाने, तिथे हे काम जाणणारी माणसं लागणारच. उरणपेक्षा जास्त गरज असलेला तालुका शोधावा लागेल. मग ती माणसं बाहेरून का यावीत?

आता शिक्षणाबद्दल. ईएमटीच्या पायाभूत कोर्सला साधारण बारावी पास लागते. हा कोर्स काही महिन्यांचा असतो. त्याच्या पुढे पदविका, पदवी, पदव्युत्तर पदविका आहेत. पुण्यात सिम्बायोसिससारख्या संस्थेत या विषयाची पदव्युत्तर पदविका शिकवली जाते. वर्गात शरीराची ओळख होते, पण खरं शिक्षण हातांचं. सगळ्यात पहिला धडा वेगळाच असतो, की आपण सुरक्षित आहोत का ते पाहायचं. वीज उतरलेल्या तारेजवळ, वायू गळत असलेल्या जागी, धावत्या ट्रेलरच्या रस्त्यावर धावत सुटायचं नाही. एकाला वाचवायला जाऊन दुसरा गेला तर काय उपयोग? मग हाक मारायची, श्वास पाहायचा, श्वासाची वाट मोकळी करायची, रक्त दाबून धरायचं. मान हलू न देता माणसाला फळीवर कसं घ्यायचं, ऑक्सिजन कसा लावायचा, रक्तदाब आणि साखर कशी मोजायची, गाडीतच बाळंतपण आलं तर काय करायचं. आणि शेवटी रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरला दोन वाक्यांत सांगायचं, काय झालं, किती वाजता झालं, मी काय केलं. हे सांगणंही शिकावं लागतं.

'बाईला माणूस उचलवेल का?' असं घरून विचारतील. उचलणं ताकदीपेक्षा रीतीचं काम आहे. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, दोघांनी एका सुरात उचलायचं. डोक्यावर माशांची पाटी घेऊन लाँचमध्ये चढणाऱ्या आपल्या कोळणींना, भाताचे भारे वाहणाऱ्या आगरी बायकांना हे कोणी शिकवायला नको. अवघड आहे ते दुसरंच. रात्रपाळी असते. सुरुवातीचा पगार मोठा नसतो. डोळ्यांसमोर माणूस जातो आणि दुसऱ्या दिवशी परत गाडीत बसावं लागतं. घरच्यांनी हे आधीच समजून घेतलेलं बरं.

आणि आता तो कागद. २०२१ मध्ये केंद्राने एक कायदा केला, संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा. डॉक्टर आणि नर्स यांच्यासाठी आधीपासून परिषदा होत्या. टेक्निशियन लोकांसाठी देशभर तसं काही नव्हतं. या कायद्याच्या यादीत आपत्कालीन सेवेतल्या पॅरामेडिकचं काम आलं. म्हणजे शिक्षणाचा दर्जा ठरणार, नावनोंदणी होणार. हे आपल्या बाजूचं आहे, पण त्याचा दुसरा अर्थही समजा. उद्या नोंदणी मागितली जाईल तेव्हा ज्या कोर्सला मान्यता नाही त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायच्या कामाचं राहील. म्हणून फी भरण्याआधी गटातल्या दोघी-तिघींनी मिळून विचारायला जा. हा कोर्स कोणाच्या मान्यतेचा? परीक्षा कोण घेतं? रुग्णालयात आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये किती दिवस हाताने काम करायला मिळणार? सगळं लेखी मागा. जिल्ह्याच्या कौशल्य विकास केंद्रात आणि आयटीआयमध्ये चौकशी करा. 'उद्या शेवटची तारीख' म्हणून घाई करणाऱ्याला बचत गटाचे पैसे देऊ नका.

शेवटी, ज्या कोर्स करणार नाहीत त्यांच्यासाठी. आपल्याला एक भीती असते, अपघातातल्या माणसाला हात लावला तर पोलीस आपल्यालाच धरतील. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचनांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आलं. चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही. नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. तेव्हा १०८ लावा, जागा नीट सांगा, फाटा कोणता, देऊळ कोणतं, टोलच्या अलीकडे की पलीकडे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ ओढणीची घडी करून घट्ट दाबून धरा. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने जोरात दाबा, मदत येईपर्यंत. बुडालेल्याला गरगर फिरवू नका, त्याला श्वास हवा असतो. भातात साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरी करकचून बांधू नका. तो भाग हलू देऊ नका आणि थेट रुग्णालय गाठा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. गावातल्या बारावी झालेल्या मुलींची नावं काढा. लग्न झालं म्हणून घरी बसलेल्या सुनांचीही काढा. कोणाला हे काम करावंसं वाटतं ते विचारा. एका गटाने एक मुलगी शिकवली तरी दहा वर्षांत तालुक्यात मोठी फळी उभी राहील. ट्रेलरच्या रस्त्यावर, बोटीच्या धक्क्यावर, कंपनीच्या अ‍ॅम्ब्युलन्स रूममध्ये आपल्याच गावची मुलगी भेटेल. तिला गल्ली माहीत असेल, आगरी बोली कळत असेल आणि तिच्या पिशवीत प्रमाणपत्र असेल.

जमीन गेली ती परत येत नाही. पण इथल्या कामावर आपला हक्क आहे, आणि तो शिकूनच घ्यावा लागेल. काळजी घ्या. १०८ हा नंबर घरातल्या पोरांनाही पाठ करायला लावा. नमस्कार.